मॉनिटरवरचे चित्र आणि खरेपणाचा प्रश्न

कन्सोलचा गेम टीव्हीऐवजी संगणकाच्या मॉनिटरवर खेळला की चित्र बदलते. कडा रेखीव होतात, अंधारे कोपरे कधी उजळतात तर कधी पार बुडून जातात, बटण दाबल्यावर पात्र जरा लवकर हलते. कन्सोल तोच, गेम तोच, केबलमधून जाणारा सिग्नलही पुष्कळदा तोच. तरी दोन पडद्यांवर दोन चित्रे. यांतले खरे कोणते, असा प्रश्न खेळणाऱ्याला पडतो आणि 'मॉनिटरवरचे, कारण तो मधे लुडबूड करत नाही' असे उत्तर त्याला लगेच मिळते. हे उत्तर तपासून घेण्याजोगे आहे. दिसणारे आणि असणारे यांचा संबंध काय, हा भारतीय दर्शनांतला फार जुना वाद. आरसा, स्फटिक, दिवा, रंगवलेले वस्त्र हे त्या वादातले ठरलेले दृष्टांत. पडद्याच्या प्रश्नाला ते बरेच लागू पडतात, आणि जिथे पडत नाहीत तिथे प्रश्न अधिक रंगतो.

गेमच्या जगात हाय डेफिनिशन रुळले ते 2005 च्या नोव्हेंबरात आलेल्या एक्सबॉक्स 360 पासून आणि त्यानंतर वर्षभराने आलेल्या प्लेस्टेशन 3 पासून. 1280 बाय 720 किंवा 1920 बाय 1080 पिक्सेल दाखवणारा टीव्ही तेव्हा महाग होता. तेवढे पिक्सेल पेलणारा मॉनिटर मात्र बऱ्याच घरांत संगणकाबरोबर टेबलावर आधीच आलेला होता. घरातला एकुलता टीव्ही संध्याकाळी मालिकांच्या ताब्यात असतो, हे आपल्याकडचे कारण वेगळे सांगायला नको. जुळणी सोपी नव्हती. सुरुवातीच्या एक्सबॉक्स 360 ला एचडीएमआय नव्हते, मॉनिटरसाठी वेगळी व्हीजीए केबल घ्यावी लागे. प्लेस्टेशन 3 ला एचडीएमआय होते, पण त्यातून निघणारे चित्र नक्कल होऊ नये म्हणून एचडीसीपीने कुलूपबंद केलेले असे. ज्या जुन्या डीव्हीआय मॉनिटरकडे त्या कुलपाची किल्ली नव्हती, त्यावर नुसता काळोख. चित्र आले तरी आवाजाचे वेगळेच त्रांगडे: तो लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलने बाहेर काढून स्पीकरला जोडावा लागे.

शिवाय त्या काळातले बरेचसे रुंद मॉनिटर 16:10 प्रमाणाचे होते आणि कन्सोलचे चित्र 16:9. मॉनिटरने प्रमाण राखण्याची सोय दिली नसेल तर 1080 ओळींचे चित्र 1200 ओळींवर ताणले जाई. रेसिंगच्या गेममधले गाडीचे चाक उंचीला 11 टक्क्यांनी वाढून लंबगोल दिसू लागे. लुडबूड न करणाऱ्या मॉनिटरची कीर्ती इथेच पहिल्यांदा डागाळते.

टीव्ही मात्र मुळातच ढवळाढवळ करणारा. जुन्या काचनळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा स्थिर नसत, म्हणून चित्र थोडे मोठे करून त्या कडा चौकटीआड लपवण्याची पद्धत पडली. नळी गेली, सपाट पडदे आले, पण कडा कापण्याची सवय अनेक टीव्हींत तशीच राहिली. सेटिंगमध्ये शिरून ती बंद केली नाही तर कोपऱ्यातला नकाशा किंवा उरलेल्या गोळ्यांचा आकडा अर्धवट कापला जातो. त्याखेरीज टीव्ही कडांना कृत्रिम धार काढतो, दुकानाच्या झगझगाटात उठून दिसावे म्हणून रंग भडक करतो, आणि दोन फ्रेमच्या मधे स्वतः रचलेली फ्रेम घुसवून हालचाल गुळगुळीत करतो. ही शेवटची करामत सिनेमावाल्यांना इतकी खुपली की 2018 च्या डिसेंबरात अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी ती बंद करा असे प्रेक्षकांना सांगणारी चित्रफीत काढली. पुढच्याच वर्षी यूएचडी अलायन्सने दिग्दर्शकाच्या मनातले चित्र जसेच्या तसे दाखवण्यासाठी 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला.

वेदान्ताच्या भाषेत या सगळ्या उपाधी झाल्या. शुभ्र स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा भासतो; फूल बाजूला केले की शुभ्रपणा पुन्हा दिसतो, तो नव्याने आणावा लागत नाही. ही ढवळाढवळ कमी करणारा टीव्हीतला 'गेम मोड' हे असे फूल बाजूला करणेच आहे, आणि मॉनिटर म्हणजे ज्याच्याजवळ फुले थोडी ठेवलेली आहेत असा स्फटिक. युक्तिवाद सुबक आहे. तो एका गृहीतावर उभा आहे: फुलाआधी आणि फुलाशिवाय शुभ्र असलेला स्फटिक, म्हणजे पडद्याआधी आणि पडद्याशिवाय असलेले मूळ चित्र.

काही जण याहून पुढे जाऊन मॉनिटरला साक्षीचा, म्हणजे काही न करता नुसते पाहणाऱ्याचा, मान देतील. विद्यारण्यांच्या नावावर असलेल्या चौदाव्या शतकातल्या 'पंचदशी'त 'नाटकदीप' नावाचे दहावे प्रकरण आहे. नृत्यशाळेतला दिवा यजमानाला, सभासदांना आणि नर्तकीला सारखाच उजळतो. कोणाकडे झुकत नाही, आणि सगळे उठून गेले तरी जळत राहतो. साक्षीचैतन्य तसे, असे तिथे सांगितले आहे. मॉनिटरचा मागचा प्रकाश या दिव्यासारखा वाटतो खरा, पण साम्य वरवरचे आहे. एलसीडी मॉनिटरचे पिक्सेल एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला वेळ घेतात. तो वेळ वाचवण्यासाठी मॉनिटर त्यांना जादा व्होल्टेजचा धक्का देतो, आणि धक्का जास्त झाला तर हलत्या वस्तूमागे फिकट उलटी छाया उमटते. स्वतःच्या पिक्सेलसंख्येपेक्षा वेगळे चित्र आले तर तो शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून मधल्या जागा भरतो. म्हणजे तोही करणाराच, फक्त कमी करणारा. दृश्यातला घटक फार तटस्थ झाला म्हणून द्रष्टा होत नाही, ही वेदान्ताची अट इथे लक्षात ठेवावी.

आता त्या गृहीताकडे. सिनेमाच्या बाबतीत मूळ चित्र दाखवता येते: दिग्दर्शकाने आणि रंगसंयोजकाने पाहून मंजूर केलेली प्रत कुठेतरी असते. गेमला अशी प्रत नसते. सेकंदाला 30 किंवा 60 फ्रेम कन्सोल त्या त्या क्षणी घडवतो आणि प्रत्येक फ्रेम खेळणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. ती फ्रेम आधी कोणी पाहिलेली नसते, मंजूर तर नाहीच.

बरे, कन्सोलच्या आत जे घडते तेच मूळ मानावे, तर 2007 च्या 'हेलो 3' चे उदाहरण आडवे येते. हा गेम कन्सोलच्या आत 1152 बाय 640 पिक्सेलांत रंगत होता, म्हणजे 720 ओळींच्या चित्राच्या 80 टक्केच पिक्सेल. प्रकाशाची तीव्रता नीट सांभाळण्यासाठी बंजी या कंपनीने ही तडजोड केली होती. त्याच वर्षीचा 'कॉल ऑफ ड्यूटी 4' तर 1024 बाय 600 वर रंगायचा, कारण सेकंदाला 60 फ्रेमचे लक्ष्य गाठायचे होते. मग कन्सोलमधली वेगळी यंत्रणा ते चित्र मोठे करून 720 किंवा 1080 ओळींचे करी, आणि 1680 बाय 1050 चा मॉनिटर असेल तर आणखी एकदा ताणाताण होई. खोक्यावर हाय डेफिनिशन, केबलमध्ये हाय डेफिनिशन, आत मात्र नाही. मूळ चित्र शोधायला आत जावे तर तिथे अधिक शुद्ध काही सापडत नाही. सापडते ते अर्धेमुर्धे, अजून चित्र न झालेले काहीतरी.

'पंचदशी'च्याच सहाव्या प्रकरणात, 'चित्रदीपा'त, हा क्रम उलगडून दाखवला आहे. चित्रासाठी घेतलेल्या वस्त्राच्या चार अवस्था: धुतलेले, खळ लावून घोटलेले, रेखाटन केलेले आणि रंग भरलेले. परमात्म्याच्या चित्, अंतर्यामी, सूत्रात्मा आणि विराट या चार अवस्था समजावण्यासाठी हा दृष्टांत येतो. गेमची फ्रेमही अशीच टप्प्याटप्प्याने उभी राहते: आधी त्रिकोणांचा सांगाडा, मग त्यावर पोत, मग प्रकाश आणि सावल्या, मग धुके आणि चमक, शेवटी गुण आणि नकाशा यांचा थर. पण खरी मार्मिक गोष्ट पुढे आहे. रंगवलेल्या पटावरच्या माणसांना चित्रकार वस्त्रे नेसवतो, आणि ती रंगवलेली वस्त्रे आधाराच्या खऱ्या वस्त्रासारखी भासतात. तसे जीवांतले चैतन्य हे आधारभूत चैतन्याचा आभास आहे, असे विद्यारण्य म्हणतात. चित्रात काय रंगवले आहे आणि चित्र कशावर रंगवले आहे, हे दोन प्रश्न त्यांनी इतक्या सफाईने वेगळे केले आहेत. मॉनिटर की टीव्ही या वादात ते सर्रास एकत्र होतात.

प्रतिबिंब कितपत खरे यावरून शंकराचार्यांनंतर अद्वैत्यांमध्येच दोन तट पडले. पद्मपाद आणि प्रकाशात्मन् यांच्या विवरणपरंपरेत प्रतिबिंबवाद मानतात: आरशातला चेहरा आणि मानेवरचा चेहरा एकच, फक्त तो तिथे आहे आणि उलट्या दिशेने पाहतो आहे हा भाग खोटा. सुरेश्वराचार्यांचा आभासवाद प्रतिबिंबाला एवढा मान देत नाही. ते बिंबाहून वेगळे उमटलेले भासमान रूप आहे आणि ते रूप म्हणून मिथ्याच. पडद्याच्या बाबतीत दोघांपैकी कोण बरोबर, याची कसोटी एका जुन्या गेमवर चांगली लागते.

1991 मध्ये सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलसाठी 'सोनिक द हेजहॉग' आला. त्यातले धबधबे पारदर्शक दिसतात: मागचा डोंगर पाण्यातून दिसतो. गंमत अशी की असे पारदर्शक थर काढण्याची सोय त्या कन्सोलमध्ये नव्हती. चित्रात प्रत्यक्षात एक उभी रेघ पाण्याची, एक रिकामी, पुन्हा एक पाण्याची, अशी जाळी आहे. पिवळ्या पिनेच्या साध्या व्हिडिओ केबलमधून जाताना शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळत आणि नळीच्या टीव्हीवर त्यांचे पाणी होई. तोच गेम आजच्या मॉनिटरवर पिक्सेलाला पिक्सेल जुळवून लावला तर पाणी नाहीसे होते आणि गजांची खिडकी दिसते. प्रतिबिंबवाद्याला म्हणावे लागेल की खरे गजच आहेत, पाणी हा आरशाचा दोष. पण चित्र काढणाऱ्याने तो दोष हाताशी धरूनच चित्र काढले होते. या ठिकाणी आभासवाद अधिक पटतो: पडद्यावर उमटते ते पडद्याच्या गुणदोषांसकट उमटलेले स्वतंत्र रूप आहे, आणि धबधबा फक्त तिथेच आहे. अर्थात आभासवाद्यालाही मागे एक बिंब हवेच असते. इथे मागे आहे ती गजांची जाळी, आणि तिला धबधब्याचे बिंब म्हणणे जरा धाडसाचे होईल.

पाहणाऱ्याचे अंतरही या हिशेबात येते. 24 इंची 1080 ओळींच्या मॉनिटरचा एक पिक्सेल साधारण 0.28 मिलिमीटरचा असतो. 60 सेंटिमीटरवरून पाहिल्यास तो डोळ्याशी सुमारे दीड कलेचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करतो. निरोगी डोळा साधारण एका कलेपर्यंत बारकावा वेगळा ओळखतो, म्हणून पायऱ्यापायऱ्यांच्या कडा स्पष्ट दिसतात. 40 इंची टीव्हीचा पिक्सेल आकाराने मोठा, पण अडीच मीटरवरून त्याचा कोन एका कलेच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी भरतो आणि पायऱ्या विरून जातात. टीव्हीवर गेम 'मऊ' दिसतो त्यातला बराच वाटा सोफ्याचा असतो.

आतापर्यंतचा विचार साम्याचा झाला: पडद्यावरचे कशासारखे आहे. काळाचा प्रश्न आला की कसोटीच बदलते. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला 16.7 मिलिसेकंद. टीव्हीला चित्र सुधारायचे तर काही फ्रेम अडवून ठेवाव्या लागतात. मधली फ्रेम रचायची तर पुढची हातात यावी लागते. हाय डेफिनिशनच्या सुरुवातीच्या काळात काही टीव्हींवर हा उशीर 100 मिलिसेकंदांच्या घरात जाई, म्हणजे सहा फ्रेम. शत्रू जिथे दिसतो तिथून तो सहा फ्रेमपूर्वीच निघालेला असतो. चित्र कितीही देखणे असो, नेम चुकतो.

सौत्रान्तिक बौद्धांनी ज्ञानाबद्दल नेमके हेच म्हटले होते. वस्तू क्षणिक आहे. तिच्यामुळे ज्ञान उपजेपर्यंत ती गेलेली असते. म्हणून बाह्य वस्तू प्रत्यक्ष दिसत नाही, ज्ञानात उमटलेल्या आकारावरून तिचे अनुमान होते. यावर प्रतिपक्ष विचारी की मग योग्य ज्ञान कशाला म्हणायचे? सातव्या शतकात धर्मकीर्तीने उत्तर दिले ते साम्याच्या भाषेत नव्हते. त्याच्या मते विसंवाद न करणारे, म्हणजे अपेक्षित कार्यापर्यंत नेणारे ज्ञान हे प्रमाण. जे कार्य करू शकते ते सत्. या कार्य करण्याला त्याने अर्थक्रिया म्हटले. त्याचे कट्टर विरोधक नैयायिकदेखील ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, सफल प्रवृत्तीवरून ठरवतात: पाणी दिसले, गेलो, तहान भागली, तर दिसले ते खरे. मीमांसकांना हे मान्य नाही. ज्ञान स्वतःच प्रमाण असते, खोटे ठरवायचे तर कारण बाहेरून आणावे लागते, असा त्यांचा आग्रह. टीव्हीसमोर बसलेला सामान्य प्रेक्षक मीमांसक असतो, त्याला दिसले ते पुरते. कंट्रोलर हातात घेतला की त्याला नैयायिक व्हावे लागते.

संगीताच्या गेमनी ही कसोटी उघडपणे मांडली. 'रॉक बँड' आणि 'गिटार हीरो' यांत सरकत येणारी खूण रेषेवर पोचताच तार छेडायची असते. पडदा मागे पडला तर कान एक सांगतो आणि डोळा दुसरे. म्हणून या गेमांत उशीर मोजून भरपाई करण्याचे सेटिंग असे. 'रॉक बँड 2' च्या गिटारमध्ये तर पडद्याचा लखलखाट ओळखणारा आणि स्पीकरचा ठोका ऐकणारा सेन्सर बसवला होता. उशीर किती हे कळल्यावर गेम खेळणाऱ्याच्या बोटांना तेवढी सूट देई. चित्र उशिराच येत राहिले, तरी कार्य साधले. सौत्रान्तिकाला हे फार आवडले असते: गेलेल्या वस्तूचे अनुमान यंत्रात बसवून दिलेले.

या कसोटीवर मॉनिटर सरस ठरतो, आणि त्याची बाजू खरी इथेच आहे. तो मूळ चित्र दाखवतो हा दावा टिकत नाही. तो कार्य साधू देतो हा दावा टिकतो. अर्थक्रियेला मर्यादा नाहीत असे मात्र नाही. काळ्या रंगाचे उदाहरण घ्यावे. टीव्हीच्या प्रथेत काळा 16 आकड्यावर आणि पांढरा 235 वर धरतात. संगणकाच्या प्रथेत 0 आणि 255. कन्सोल एका प्रथेने बोलला आणि पडद्याने दुसऱ्या प्रथेने ऐकले, तर काळ्याचा राखाडी होतो किंवा सावलीतले सगळे बारकावे एका काळ्या डागात गडप होतात. भयकथेच्या गेममध्ये कोपऱ्यात दबा धरलेली आकृती त्या डागात नाहीशी होते. उलट राखाडी काळ्यात ती स्पष्ट दिसते, वेळीच गोळी घालता येते, आणि भीती संपते. कार्य उत्तम साधले, गेम मात्र बिघडला. कोणते कार्य, हे आधी ठरल्याशिवाय अर्थक्रियेची कसोटी लावता येत नाही.

दिसण्यामागे काही दडलेले आहे, आणि दिसणे हे त्यावरचे आवरण आहे, हे गृहीतच नाकारणारी भूमिका मराठीत तेराव्या शतकात ज्ञानदेवांनी घेतली. 'अमृतानुभवा'चे सातवे प्रकरण सबंध अज्ञानखंडनाला वाहिले आहे: चैतन्यावर पडदा टाकणारे अज्ञान नावाचे काही सिद्धच होत नाही, आणि जग हा चैतन्याचाच विलास आहे. ज्ञानदेव चैतन्याविषयी बोलत आहेत, यंत्राविषयी नाही, त्यामुळे त्यांना टेबलावरच्या मॉनिटरपर्यंत ओढत आणणे अप्रस्तुत. पण मूळ वेगळे आणि दर्शन वेगळे अशी फोड करूनच विचार सुरू करावा लागतो हा समज त्यांच्या मांडणीने ढिला होतो, आणि आजच्या कन्सोलकडे पाहताना तेवढे पुरेसे आहे.

कारण आजचा कन्सोल आंधळेपणाने चित्र पाठवत नाही. एचडीएमआयची केबल लावताच पडदा आपली कुंडली कन्सोलला कळवतो: किती पिक्सेल, सेकंदाला किती फ्रेम, कोणते रंग. आरशाने चेहऱ्याला आपली मापे सांगावीत आणि चेहऱ्याने त्याप्रमाणे घडावे, असा हा उलटा प्रकार आहे. 2020 च्या नोव्हेंबरात आलेल्या प्लेस्टेशन 5 ला 2560 बाय 1440 पिक्सेलांचे मॉनिटर सुरुवातीला मान्यच नव्हते. गेमरांमध्ये लोकप्रिय असलेल्या या मॉनिटरना दुसऱ्याच मापाचे चित्र घेऊन ते स्वतः बसवावे लागे. 2022 च्या सप्टेंबरातल्या अपडेटनंतर कन्सोल त्या मापाचे चित्र देऊ लागला. एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणाऱ्या चित्रात, हे अवलंबन आणखी वाढते: पडदा किती तेज गाठू शकतो हे खेळणाऱ्याने एका पट्टीवर सरकवून सांगायचे, आणि गेम सूर्याची व आगीची चमक त्या मर्यादेत बसवून घेतो. बदलत्या रिफ्रेश रेटच्या मॉनिटरवर तर काळही वाटून घेतलेला असतो. पडदा ठराविक ठोक्यावर चित्र न बदलता फ्रेम तयार होण्याची वाट पाहतो.

अशा व्यवस्थेत पडद्याला प्रमाण, म्हणजे जाणण्याचे साधन, आणि चित्राला प्रमेय, म्हणजे जाणण्याचा विषय, म्हटले तर दोघांपैकी आधी कोण सिद्ध झाले हे सांगता येत नाही. नागार्जुनाने 'विग्रहव्यावर्तनी'त नैयायिकांना याच जागी पकडले होते. प्रमाणांनी प्रमेय सिद्ध होते आणि प्रमेयामुळे प्रमाणे सिद्ध होतात असे म्हणाल, तर पित्याने पुत्राला जन्म द्यायचा आणि त्याच पुत्राने पित्याला. मग यांतला पिता कोण आणि पुत्र कोण? नैयायिकांना ही आपत्ती वाटली, कारण त्यांना एक टोक पक्के हवे होते. कन्सोल आणि मॉनिटर यांच्यात ती रोजची रीत आहे. दोन टोकांत करार होतो, त्या करारातून चित्र निघते, आणि करार बदलला की दुसरे चित्र निघते. पहिल्याला दुसऱ्याचे बिंब म्हणायला किंवा दुसऱ्याला पहिल्याचे, कोणताच आधार उरत नाही. मॉनिटर निवडणाऱ्याने तो कोणत्या कामासाठी निवडला एवढेच विचारता येते: नेम साधायला, अंधार अनुभवायला, की 1991 चा धबधबा पाहायला. या तिसऱ्या कामासाठी जुनी काचनळी शोधून घरी आणणारे लोक आजही आहेत, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही.